सूत जमेना

आमच्या दारात चपलांचे नऊ जोड असतात. घरात माणसं चार. तीस वर्षं शाळेत गणित शिकवूनही मला हा हिशेब कधी सुटला नाही. पावसाळ्यात त्यात छत्र्यांची भर पडते, आणि कोल्हापूरच्या पावसात छत्री वाळत नाही, नुसती जागा बदलते. शेवटी हिनं निर्वाणीचं सांगितलं, "चपलांना स्टँड करून घ्या, नाहीतर मी त्या गच्चीवर नेऊन ठेवते." आमच्या गुडघ्यांची अवस्था बघता ही धमकी गंभीर होती.

सुतारमामांना बोलावलं. मामांनी दाराशी उकिडवं बसून टेप लावला, कानावरची पेन्सिल काढली, काहीही न लिहिता परत कानावर ठेवली.

"किती होतील, मामा?"

मामांनी उजवा पंजा वर केला.

"तीन हजार? चालेल."

"पाच म्हणतोय सर. दोन बोटं करवतीनं नेल्यात, त्याला मी काय करू?"

शहाण्या माणसानं या उत्तरातून करवतीबद्दल काहीतरी बोध घेतला असता. मी फक्त पाच हजाराचा आकडा ऐकला. चार फळ्या आणि मूठभर खिळे, त्याचे पाच हजार? एवढ्यात तर मीच करीन की! हे वाक्य मी मनात म्हणालो असतो तर बरं झालं असतं.

निवृत्त माणसाच्या हातात मोबाइल आणि दुपार दोन्ही असतात. मी लाकूडकामाचे व्हिडिओ बघायला लागलो. अमेरिकेतला एखादा दाढीवाला कोठारातून गंजलेलं करवतीचं टेबल बाहेर काढतो, मागे गिटार वाजते आणि बाराव्या मिनिटाला ते टेबल आरशासारखं लखलखतं. त्या बारा मिनिटांत त्याची बायको एकदाही येत नाही. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

त्याच सुमारास टिंबर मार्केटातली एक जुनी वखार बंद होत होती. तिथं भुशाच्या ढिगाखाली ते मला दिसलं. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, जाड टेबल, मधोमध चीर, आणि चिरेतून डोकावणारं दातपडकं गोल पातं. 'आजोबांनी मुंबईहून आणलेलं' एवढाच त्याचा इतिहास मालकाला ठाऊक होता. अंगावरच्या पितळी पट्टीवरची अक्षरं पुसून गेली होती. सुतार लोक याला सरसकट 'कटर' म्हणतात. मी मात्र ऐटीत 'टेबल सॉ' म्हणालो, आणि मालकानं ओळखलं की गिऱ्हाईक आलं.

भाव भंगाराचा, म्हणजे किलोवर. 35 रुपयांनी 160 किलो, 5,600 रुपये. पाच हजारांचा स्टँड वाचवायला 5,600 चं यंत्र घेतलं हे मला कळत होतं. पण स्टँड एकदाच होतो आणि यंत्र जन्मभर राहतं, असं मी हिला समजावलं. "कुणाच्या जन्मभर?" एवढंच ती म्हणाली.

छोट्या हत्तीतून वरात आली. चार हमालांनी 'हाय रे हाय' करत ते पोर्चमध्ये उतरवलं. फरशीला तडा गेला तो तेव्हाचाच. समोरच्या काकू गॅलरीतून बघत होत्या. "गिरणी काढताय होय? बरं झालं बाई, आम्हाला दळण लांब पडतं." मी नाही नाही म्हणेपर्यंत आत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पोर्चमध्ये ज्वारीचा डबा होता.

गंजापासून सुरुवात केली. आई वय वर्षं 84, दारात खुर्ची टाकून देखरेखीला. "चिंच लाव," ती म्हणाली. मी हसलो. मग आठवलं की चिंचेत टार्टारिक आम्ल असतं, आणि तांब्याचा हंडा ज्यानं उजळतो त्यानं गंजही सुटायला हरकत नाही. वर्षाची अर्धा किलो चिंच टेबलावर थापली. खरंच गंज सुटला! खाली करडं बीड दिसायला लागलं. आनंदाच्या भरात मी पाइप लावून ते स्वच्छ धुतलं आणि जेवायला गेलो. हात पुसत बाहेर येतो तर टेबल नारिंगी. जुन्या गंजाला साठ वर्षं लागली असतील, नव्यानं वरण-भात होईपर्यंतही दम धरला नाही.

"माझा आंबोळीचा तवा बिडाचाच आहे," ही आतून म्हणाली, "तो कसा गंजत नाही? धुतला की लगेच कोरडा करते आणि तेल लावते." इंटरनेटवर जे वाचायला मला चार रात्री लागल्या असत्या ते असं ओट्यावरून फुकट मिळालं. फुकट मिळालं म्हणून मी ते ऐकलं नाही, हा भाग वेगळा.

पुढचे तीन आठवडे डिझेल, तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर. 80 नंबर, 120, 220, 400. माझ्या हाताला इतका वास यायचा की मी घास तोंडाशी नेला की नातू 'पेट्रोल पंप' म्हणायचा. पण शेवटी टेबलात माझा चेहरा दिसू लागला. जरा गंजलेला होता, पण तो माझाच.

मग खोलायची वेळ आली. पातं शाफ्टवर एका मोठ्या नटानं आवळलेलं. हा नट जागचा हलेना. तेल सोडलं, गॅसची शेगडी लावली, पान्याला पाइप जोडून लोंबकळलो. तीन दिवस. चौथ्या दिवशी शाफ्ट सोडवून, पात्यासकट पोत्यात गुंडाळून उद्यमनगर गाठलं.

उद्यमनगराबद्दल कोल्हापूरकराला सांगायला नको. ऑइल इंजिनापासून गुऱ्हाळाच्या चरकापर्यंत काहीही न्या, गल्लीतला कुणीतरी 'करूया की' म्हणतो. मी गेलो त्या लेथवर माझा जुना विद्यार्थी निघाला. नववीत मी याला 'तुझं डोकं म्हणजे बीड आहे' असं वर्गात म्हणालो होतो. मी विसरलो होतो. तो नव्हता.

"सर, तुम्ही तीन दिवस ह्यो आवळत होता."

"म्हणजे?"

"उलटे आटे हायत. पातं फिरताना नट सुटू नये म्हणून. सायकलचा डावा पायडल कधी खोलला न्हाई काय?" त्यानं पाना लावला, उलट दिशेला एक झटका दिला. सुटला. "बीड काय सर, तापवून योग्य साच्यात ओतलं तर चांगलं निघतं," तो म्हणाला. कुठल्या बिडाबद्दल बोलत होता ते मी विचारलं नाही.

बेअरिंगचंही तसंच. पेठेत 6205 नंबर मागितला. या नंबराचं गणित फार गोड आहे. शेवटचे दोन आकडे पाचनं गुणले की आतला व्यास मिळतो, 25 मिलिमीटर. पुस्तकात असायला हवं होतं. पण माझा शाफ्ट इंचाचा, म्हणजे 25.4. बेअरिंग काही चढेना. "पॉइंट चारसाठी काय रडताय," म्हणत पठ्ठ्यानं बेअरिंगच्या जागेपुरता शाफ्ट लेथवर उतरवून दिला.

बोल्टांनी मात्र मला खरं रडवलं. मी व्हर्नियर लावून दुकानात '12 एमएम' मागितले. दोन आटे आत गेले आणि रुतून बसले. परत दुकान. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या शेठनं माझा जुना बोल्ट नखानं खरवडला. "चार सुती म्हणा की साहेब. इंचाला बारा आटे." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, चार सूत म्हणजे अर्धा इंच. हे आटे 1841 साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरनं ठरवून दिले. आपल्याकडे मेट्रिक मापं 1958 पासून लागू व्हायला लागली, म्हणजे माझं यंत्र बहुधा त्याच्याही आधीचं. मिलिमीटरशी त्याचं सूत जमणार कसं? मी वर्गात मुलांना 'इंच विसरा' म्हणून छड्या मारल्या आहेत. व्हिटवर्थसाहेबांनी त्या एकेक मोजून परत केल्या.

मोटर जळकी होती. भरायला नेली. वाइंडिंगच्या दुकानात विहिरीवरच्या मोटरींचा ढीग, त्यात माझी एकटी लाकूडतोडी. कारागिरानं तिच्यावरची पाटी वाचली.

"415 व्होल्ट, थ्री फेज. घरात थ्री फेज हाय?"

"नाही, साधं 230."

"मग भरून नैवेद्य दाखवणार काय हिला?"

शेवटी सिंगल फेजची 2 एचपीची जुनी मोटर 6,500 ला घेतली. मिनिटाला 1,440 फेरे. पात्याला त्याच्या दुप्पट हवेत, म्हणून दोन पुल्या आणल्या, एक सहा इंची, एक तीन इंची. पट्टा चढवला. बटण दाबलं. पातं रंकाळ्यावरच्या पाळण्यासारखं सावकाश फिरायला लागलं. एक फळी लावली तर कापायच्या ऐवजी भाजून निघाली.

लेथवाल्या विद्यार्थ्याला फोन केला. पलीकडे शांतता, मग: "सर, मोटरवर कुठली पुली बसवलीय?"

"लहान."

"शाफ्टवर?"

"मोठी."

"व्यस्त प्रमाण. आठवीत तुम्हीच शिकवलंय."

पुल्या बदलल्या. आता 2,880 फेरे, पातं 12 इंची, म्हणजे दाताचा वेग ताशी सुमारे 165 किलोमीटर. हे मी अभिमानानं हिला सांगितलं. रस्त्याचं काम चालू नसेल तर तो दात दीड तासाच्या आत पुण्यात पोचेल, असंही सांगितलं. "आणि तुमचं बोट?" तिनं विचारलं.

एव्हाना नवरात्र आलं होतं. खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा असते. आमच्याकडे आजवर विळी, कात्री आणि नातवाचा कंपास एवढाच शस्त्रसाठा. यंदा यंत्र होतं! आईनं चकचकीत टेबलावर ओल्या हळदकुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं, आणि मी 'आई, थांब' म्हणायच्या आत बिडाच्या काठावर नारळ फोडला. नारळाचं पाणी टेबलभर. मी फडकं घेऊन धावलो तर म्हणाली, "पूजा आहे, आज पुसायचं नाही." दसऱ्याच्या सकाळी तिथं गंजाचं स्वस्तिक उमटलेलं होतं. 400 नंबरचा पेपर मारला, तेवढ्यापुरतं फिकट झालं. आजही आहे. आता मी ते राहू दिलंय, न जाणो.

सोनं वाटून झाल्यावर पहिली फळी चिरायला घेतली. सागाची, चार फुटी. बाजूची सरळ पट्टी पात्याला समांतर लावली असा माझा समज होता. प्रत्यक्षात ती मागच्या बाजूला दोन सूत आत आली होती. फळी पट्टी आणि पात्याच्या मध्ये चिमटली, मागच्या वर येणाऱ्या दातांनी तिला उचललं, आणि ती माझ्या कमरेजवळून मघाच्या ताशी 165 च्या हिशेबानं दाराकडे गेली. मी समोर नव्हे, कडेला उभा होतो. अक्कल म्हणून नव्हे, बटण तिकडे होतं म्हणून. फळी चपलांच्या ढिगात घुसली. माझ्या कोल्हापुरीचा अंगठा तुटला, पट्टा दोन ठिकाणी उसवला. चपलांच्या प्रश्नात यंत्रानं केलेली ही पहिली मदत. नवाचे आठ झाले.

आवाज ऐकून मामा आले. ते मागच्याच गल्लीत काम करत होते. काही न बोलता त्यांनी स्विच बंद केला, वायर काढून माझ्या हातात दिली, आणि पात्यापासून पट्टीचं अंतर पुढं-मागं मोजलं. पट्टी सरळ केली. दुसऱ्या दिवशी पात्याच्या मागं बसवायला लोखंडाची एक पातळ पाती घेऊन आले. चिरलेलं लाकूड पात्याला चिमटू नये म्हणून ती असते, आणि माझ्या यंत्राची कधीच गहाळ झाली होती. फळी ढकलायला खाच पाडलेली एक काठीही करून दिली.

"ह्यानं ढकलायचं. बोटानं न्हाई." मग उजवा पंजा माझ्यासमोर धरला. "शाळेत तक्ता लावतासा न्हवं? तसा ह्यो तक्ता."

मग त्यांनी एक फळी स्वतः चिरली. यंत्र त्यांच्या हाताखाली गायीसारखं उभं राहिलं. कड बोटानं चाचपून बघत म्हणाले, "लई गुणी मशीन हाय सर. बीड असं आता मिळत न्हाई." मला कुणीतरी माझ्या मुलीचं कौतुक करावं तसं झालं. मी चहा मागवला. तिथंच चूक झाली.

पुढच्या रविवारी मामा दोन फळ्या घेऊन आले. त्याच्या पुढच्या रविवारी हातगाडीभर. आता दर रविवारी ते आणि त्यांचा पोरगा येतात, सकाळी नऊ ते बारा चिरकाम करतात, दोनदा चहा घेतात. मी काठी देतो, भुसा भरतो, 'सर, जरा सरका' म्हटलं की सरकतो. भुशावर समोरच्या काकूंनी दावा सांगितलाय, कुंड्यांना घालतात. ज्वारीचा डबा मात्र अजून मागितलेला नाही. माझ्या वहीत यंत्राचा एकूण खर्च 23,000 निघतो, चिंच न धरता.

परवा मामा दाराशी चपला काढताना थबकले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. आमचे आठ जोड, पोराच्या चपला पुढं सरकवलेल्या, पाय ठेवायला जागा नाही.

"सर, हितं एक स्टँड पायजे बघा."

मी हिच्याकडे बघितलं नाही. "किती होतील, मामा?"

मामांनी उजवा पंजा वर केला. मग थोडा विचार करून डाव्या हाताचं एक बोट.

"सहा?"

"सागाचा भाव वाढलाय. पण चिरायचं काय लावलेलं न्हाई बरं का. ते तुमच्याच मशीनवर करूया की."