बाहुलीचे बाळ आणि ‘चूल-मूल’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

बालवाडीच्या वयातील मुलांसाठी ‘बाळाची काळजी’ हा खेळ कसा मांडावा, या माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत: हा खेळ मुलींना तिसऱ्या वर्षीच चूल आणि मूल यांत अडकवतो, मी सुचवलेल्या वस्तूंची यादी इतकी लांबलचक आहे की खेळ मुलांचा न राहता मांडणाऱ्याचा होतो, आणि छायाचित्रातील बाहुली उशी, पांघरूण आणि कापडी ससा यांच्या गर्दीत झोपवलेली आहे.

शेवटच्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तिथे माझी चूक निर्विवाद आहे. वर्षाच्या आतील बाळाला सपाट, टणक गादीवर उताणे झोपवावे आणि त्याच्या अंथरुणात उशी, सैल पांघरूण किंवा मऊ खेळणी ठेवू नयेत, असे बालरोगतज्ज्ञ बजावून सांगतात. खेळातल्या बाहुलीला हा नियम कशाला, असे म्हणून मला अंग काढून घेता आले असते. परंतु ज्या घरात धाकटे भावंड येऊ घातले आहे, तिथले मूल खेळात केलेलेच खऱ्या बाळाच्या बाबतीत करू पाहते. ते छायाचित्र मी काढून टाकले आहे.

यादीबद्दलचे आपले म्हणणे मला बरेचसे पटले. मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी 1933 मधील खेळावरच्या व्याख्यानात काठीचा घोडा करणाऱ्या मुलाचे उदाहरण दिले होते: काठी हातात असते, पण मूल वागते ते घोड्याच्या अर्थाला धरून. सगळ्या वस्तू हुबेहूब दिल्या, तर मुलाने मनाने भरून काढावे असे काही उरतच नाही. मात्र दोन-अडीच वर्षांच्या मुलाला ठोकळ्याची दूधबाटली करणे जड जाते. त्याला बाटलीसारखी दिसणारी बाटली लागते, आणि चौथ्या वर्षाच्या आसपास तेच मूल ठोकळ्यावर सहज भागवते. म्हणून मी यादी एक बाहुली, एक दुपटे, एक टॉवेल, एक बाटली आणि एक रिकामा टब एवढ्यावर आणली आहे. टब रिकामाच ठेवावा, कारण काही सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकते. बटण दाबल्यावर रडणारी बाहुली मी आता मुळीच सुचवत नाही. मुले बटणच दाबत बसतात, आणि आतली चपटी बटण-बॅटरी निघून गिळली गेली, तर अन्ननलिकेला दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते.

राहिला चूल-मूल हा मुद्दा, आणि इथे मी आपल्याशी सहमत नाही. हा खेळ म्हणजे पुढच्या आयुष्याची तालीम आहे, असे आपण गृहीत धरले आहे. माझ्या पाहण्यात मूल या खेळात मागे वळून बघते: आपल्याला कोणी कसे उचलले, कसे पुसले, रडताना काय म्हटले, हे सगळे ते आता करणाऱ्याच्या बाजूने करून पाहते, आणि ही गरज मुलाला जितकी असते तितकीच मुलीला. आमच्या वर्गातील साडेतीन वर्षांच्या एका मुलाने रिकाम्या टबात कोपर बुडवले, ‘गरम आहे’ म्हणून तो थांबला, हाताने वारा घातला, पुन्हा कोपर बुडवले आणि मगच मानेखाली तळवा धरून बाहुलीला आत ठेवले. (त्यानंतर ठोकळ्यांचा आवाज ऐकताच तिला पालथी टाकून तो पसार झाला, हेही नोंदवायला हवे.) कार्डिफ विद्यापीठाने 2020 साली 4 ते 8 वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात, मूल एकटेच बाहुल्यांशी खेळत असतानाही इतरांच्या मनाचा वेध घेण्याशी संबंधित मेंदूचा भाग सक्रिय असल्याचे आढळले, आणि मुलगा-मुलगी असा फरक दिसला नाही, अर्थात त्याचा खर्च एका बाहुली उत्पादक कंपनीने उचलला होता, तेव्हा त्यावर फार भिस्त ठेवू नये.

मांडणाऱ्याचे खरे काम वस्तूंपेक्षा बोलण्यात असते. एकदा एक मुलगी बाहुलीला अगदी मोठ्यांच्या सुरात दरडावत होती, ‘रडायचं नाही म्हटलं ना!’ तिला ‘असं बोलू नये’ म्हणावेसे मला वाटले होते, पण मी एवढेच विचारले, ‘बाळाला काय हवं असेल?’ ती बराच वेळ बाहुलीकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, ‘त्याला कडेवर यायचंय.’

आपल्या आक्षेपामुळे मी मूळ लेख पुन्हा वाचला, तेव्हा त्यात ‘आई’ हा शब्द नऊ वेळा आणि ‘बाबा’ एकदाच, तोही बाळाला झोपवून झाल्यावर, आलेला आढळला. म्हणजे खेळाने नाही तरी माझ्या वाक्यांनी आपण म्हणता तेच केले होते. ती वाक्ये बदलली आहेत. आणखी कुठे काही नजरेतून सुटले असेल, तर अवश्य कळवावे.