‘टांगून ठेवलेलं बाळ’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

एक्मोवरच्या, म्हणजे रक्ताला शरीराबाहेर ऑक्सिजन देणाऱ्या यंत्रावरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “जे बाळ जगणारच नाही ते यंत्राला टांगून ठेवायचं, आईबापांना घर विकायला लावायचं आणि याला उपचार म्हणायचं.” खर्चाबद्दल माझा वाद नाही. पुण्यात एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, सिस्टर म्हणून मी बारा वर्षं काढली. बायकोच्या पाटल्या मोडून पैसे भरणारे बाप पाहिलेत. पण “जगणारच नाही” हे मला मान्य नाही.

पोटातच शी होऊन ती श्वासात गेलेलं बाळ घ्या. फुप्फुसं इतकी चोंदतात की व्हेंटिलेटरचा दाब वाढवावा तसतशी त्यांनाच इजा होते. एक्मोत मानेच्या शिरेतून रक्त बाहेर काढतात, कृत्रिम फुप्फुसातून ऑक्सिजन देऊन, ऊब देऊन परत सोडतात. हृदयही थकलं असेल तर मानेच्याच धमनीत. तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं साधारण २५० मिली, दोन कप चहाएवढं. यंत्र फुप्फुस बरं करत नाही. ते आपलं आपण बरं होईपर्यंत दिवस काढून देतं.

१९७५ साली कॅलिफोर्नियात डॉ. रॉबर्ट बार्टलेट यांनी असं पहिलं नवजात बाळ वाचवलं. नर्सेसनी तिचं नाव ठेवलं एस्पेरान्झा, म्हणजे आशा. एका बाळावरून काही ठरत नाही, म्हणून ब्रिटनमधली चाचणी सांगते. १९९६ साली निकाल आला. एक्मोच्या गटातल्या ९३ बाळांपैकी ३० गेली, नेहमीच्या उपचारांच्या गटातल्या ९२ पैकी ५४. फरक इतका दिसला की चाचणी मुदतीआधीच थांबवली.

तुमचा एक मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो माझ्या लेखात यायलाच हवा होता. हे सगळ्यांसाठी नाही. दोन किलोच्या आतलं किंवा ३४ आठवड्यांच्या आधी जन्मलेलं बाळ सहसा घेत नाहीत. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन द्यावं लागतं, त्यामुळे मेंदूत आधीच मोठा रक्तस्राव असेल तर नाहीच. म्हणून आधी डोक्याची सोनोग्राफी. छाती आणि पोटामधल्या पडद्याला जन्मतःच भोक असलेल्या बाळांत यश बरंच कमी. आणि व्हेंटिलेटरवर दहा-बारा दिवस गेल्यावर विचारलं तर बहुधा उशीर झालेला असतो. हे आईबापांना पहिल्या दिवशी सांगायला हवं, पैशांसकट.

शेवटी तुम्ही नातवाचं लिहिलंत. नऊ दिवस व्हेंटिलेटर, आणि कोणी पाच मिनिटं बसून काही सांगितलं नाही. ते वाचून मला आमचा कॉरिडॉर आठवला. तिथे आजोबा उभे असायचे, आणि आम्ही काचेआडून हातानेच “थांबा” म्हणायचो.