तीन न् वर चार बोटं

आमच्या लातुरात टिपाड ही स्थावर मालमत्ता असते. २०१६ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात घेतलेली तीन टिपाडं अजून अंगणात ठाण मांडून आहेत.

परवा नळ सुटायच्या वेळेलाच पोरीनं विचारलं, "पप्पा, वर्तुळाचा घेर भागिले व्यास, तो पाय (π), म्हणजे बावीस सप्तमांश. पण हे बावीस न् सात आले कुठून?"

बावीस सप्तमांशाच्या जिवावर मी दहावी काढली. ते कुठून आले हे विचारायची आमच्या वर्गात पद्धत नव्हती. विचारणाराच बाहेर जायचा.

सुतळी काढली. टिपाडाच्या तोंडावर आडवी धरली, व्यासाएवढा तुकडा कापला. मग त्या तुकड्यानं घेर मोजला. तीन तुकडे झाले न् वर चार बोटं उरली. परातीला तीन तुकडे न् तीन बोटं. "बोटं बदलली की!" पोरगी म्हणाली. बदलणारच, परात लहान. पण दोन्हीकडं उरलेली बोटं म्हणजे व्यासाचा साधारण सातवा हिस्सा. तीन न् एक सप्तमांश, म्हणजेच बावीस सप्तमांश! मला चाळिशीत कळलं.

"पण सगळ्या गोलांना सारखंच कसं?"

तुरीच्या शेंगा सोलता सोलता आई म्हणाली, "भाकर लहान असू का मोठी, गोल ते गोलच की. वाढली तर सगळीकून सारखीच वाढती."

खरंच की. चौरसाचा घेर बाजूच्या चौपट असतो, त्याचं कुणाला नवल वाटत नाही. गोलाचा आकडा तेवढा वाकडा निघाला, म्हणून त्याला ग्रीक अक्षर.

तीनच्या वर का, तेही पोरीच्या कंपासनं दाखवलं. तेवढीच त्रिज्या धरून वर्तुळावर खुणा करत गेलं की बरोबर सहा बसतात, ते सहा पाकळ्यांचं फूल. खुणा सरळ रेषांनी जोडल्या तर सहा त्रिज्या, म्हणजे तीन व्यास. वर्तुळ त्या रेषांच्या बाहेरून फुगून जातं, म्हणून जरा जास्त. ग्रीक गणिती आर्किमिडीज अशाच बाजू वाढवत सहावरून शहाण्णव बाजूंपर्यंत गेला. बावीस सप्तमांश किंचित जास्त भरतो, हे त्यालाही ठाऊक होतं. आपल्या आर्यभटानं ४९९ साली वीस हजार व्यासाला ६२,८३२ घेर सांगितला आणि वर प्रामाणिकपणे शब्द घातला, 'आसन्न'. म्हणजे जवळपास. अपूर्णांकात पाय नेमका बसतच नाही, हे लँबर्ट नावाच्या गणितज्ञानं १७६१ला सिद्ध केलं.

हे सगळं सांगून होईस्तोवर नळ गेला होता. पाइप अंगणात पडलेला, टिपाडाला नुसतीच सुतळी.

आतून बायकोचा आवाज आला, "किती भरलं ओ?"

मी म्हणालो, "आसन्न."