टी पेशी आहेत, मग गोळ्या कशाला?

माझा आतेभाऊ, आमचा दादा, अकरा वर्षं एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या घेतोय. रविवारी त्याने एक मेसेज पुढे ढकलला आणि खाली एवढंच विचारलं, "हे खरं असेल तर बंद करू का?" एरवी असल्या मेसेजांच्या वाटेला मी जात नाही.

मेसेज असा: अमेरिकेत सिद्ध झालंय की आपल्या टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) मॅक्रोफेजमध्ये (जंतू गिळणाऱ्या पेशींमध्ये) दडलेला एचआयव्हीसुद्धा संपवतात. तेव्हा सीडीफोर (एचआयव्ही ज्यांच्यावर हल्ला करतो त्या टी पेशींची रक्तातली संख्या) 500 च्या वर असेल आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) सापडत नसेल तर गोळ्या थांबवा, त्यांनीच प्रतिकारशक्ती मरते. गुळवेलाचं चूर्ण घ्या. खाली चूर्णवाल्याचा नंबर.

सगळा डोलारा 'अमेरिकेत सिद्ध झालंय'वर उभा आहे. आता या विषयावरचं संशोधन आहे, नाही असं नाही. बोस्टनजवळच्या रॅगन इन्स्टिट्यूटच्या गटाने 2018 मध्ये 'नेचर इम्युनॉलॉजी'त ते छापलं. पण चूर्णवाल्याने ते वाचलं असतं तर लपवूनच ठेवलं असतं! मारेकरी टी पेशी, म्हणजे सीडीएट, बाधित सीडीफोर पेशीला भिडते, तिला भोकं पाडते, आत ग्रॅन्झाइम नावाची मारक प्रथिनं सोडते आणि सावज झटपट मरतं. मॅक्रोफेज मात्र चिवट. टी पेशी त्याला चिकटून बसते, तो मरता मरत नाही, आणि तेवढा सगळा वेळ ती इंटरफेरॉन गॅमा हे इशारा देणारं प्रथिन ओतत राहते. त्याने मॅक्रोफेज आणखी चेकाळतो आणि दाह वाढवणारी रसायनं सोडायला लागतो. चोर पकडायला गेलेल्यानेच घरात धूर करून ठेवावा, तसं. एचआयव्हीत वर्षानुवर्षं धुमसणाऱ्या दाहामागे हेही एक कारण असावं, असं त्या गटाचं म्हणणं आहे.

टी पेशी मारतात, हे अर्धसत्य मान्य. गोळ्यांशिवाय विषाणू दाबून ठेवणारे लोकही असतात, पण शंभरात एकापेक्षाही कमी. दादाचा पहिला सीडीफोर 140 होता. तो त्यांच्यातला नाही.

आणि गोळ्या थांबवून बघायचा प्रयोग होऊन गेलाय. 'स्मार्ट' नावाची चाचणी, 5,472 माणसं. अर्ध्यांच्या गोळ्या बंद, सीडीफोर 250 च्या खाली गेला की पुन्हा सुरू, 350 च्या वर चढला की परत बंद. 2006 मध्ये ती मुदतीआधीच आवरती घ्यावी लागली, कारण थांबवणाऱ्यांमध्ये संधिसाधू (प्रतिकारशक्ती ढासळली की गाठणारे) आजार किंवा मृत्यूचा धोका सुमारे अडीच पट निघाला. हृदयाचे, मूत्रपिंडाचे, यकृताचे गंभीर आजारही त्यांच्यातच जास्त.

व्हायरल लोड 'सापडला नाही' म्हणजे रक्ताच्या नमुन्यात सापडला नाही. पेशींच्या डीएनएत तो बसलेलाच असतो आणि गोळ्या सुटल्या की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत वर येतो. गोळ्यांनी प्रतिकारशक्ती मरते म्हणे! दादाच्या फाइलीत 140 चे 610 झालेत, त्याच गोळ्यांवर. गुळवेलाने एचआयव्ही थांबतो याला पुरावा नाही, विषय संपला.

फोन केला तेव्हा मूळ दुखणं निराळंच निघालं. गोळी बदलल्यापासून दादाला रात्री झोप नाही. नव्या गोळीत डोलुटेग्राविर आहे, त्याने काहींची झोप उडते. सकाळी घेतली तर चालेल का, हे एआरटी सेंटरमधल्या डॉक्टरांना विचारायला तो गुरुवारी जातोय. तोवर रात्रीचीच सुरू.