आलेल्या ग्राहकाला परत कसे पाठवावे

आपण यंदा आंब्याचा व्यवसाय ऑनलाइन न्यायचे ठरवले, त्याबद्दल आपले मनापासून अभिनंदन. बाग देवगडची आहे, फळ अस्सल आहे, २०१८ साली हापूसला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा आधार आहे, आणि एप्रिल उजाडला की पुण्या-मुंबईपासून नागपूरपर्यंतचा मराठी माणूस पेटीसाठी पैसे हातात घेऊन उभाच असतो. इतकी अनुकूल परिस्थिती असताना धंदा बुडवणे हे सोपे काम नव्हे. आंबा नासवता येईल, पण त्यात पाप लागते. भाव दुप्पट लावता येईल, पण हापूसच्या बाबतीत लोक तेही सोसतात. म्हणून जाणकार मंडळी हे काम वेबसाइटवर सोपवतात. त्यांची रीत निष्ठेने पाळली, तर पैसे द्यायला आलेला ग्राहक पैसे न देता, आणि मुख्य म्हणजे आपल्याला काही न बोलता, निघून जाईल याची खात्री बाळगावी.

सुरुवात मुखपृष्ठापासून करावी. पेटीत किती डझन, फळ साधारण किती वजनाचे, भाव काय आणि पेटी आपल्या पत्त्यावर कधी पोहोचेल, एवढेच ग्राहकाला तिथे जाणून घ्यायचे असते. म्हणून यांतले काहीही पहिल्या पडद्यावर दिसता कामा नये. तिथे पूर्ण रुंदीचा स्लायडर लावावा, आणि ग्राहक एका चित्रावरचा मजकूर वाचून संपवण्याच्या बेतात असतानाच दुसरे चित्र सरकत यावे. पहिल्या चित्रात सूर्योदय, दुसऱ्यात आजोबांचा फोटो आणि ‘आमचा वारसा’, तिसऱ्यात ‘आमचे ध्येय’. आंबा चौथ्यात आला तरी चालेल. वजन सांगायचेच असेल तर ते ‘नेहमीचे प्रश्न’ या पानावरच्या नवव्या उत्तरात सांगावे आणि त्या पानाचा दुवा अगदी तळाशी, बारीक अक्षरांत ठेवावा. अक्षरे करडी आणि पार्श्वभूमी फिकट करडी असावी. वेबच्या सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष साध्या मजकुरासाठी दोहोंत किमान ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, मागतात, परंतु ते निकष लिहिणाऱ्यांना आपल्या डिझायनरची अभिरुची कुठून असणार! शिवाय भर दुपारी बसथांब्यावर उन्हात उभे राहून मोबाइलवर आंबे मागवणाऱ्या माणसाने आधी सावलीत जावे, ही शिस्त त्याला कोणीतरी लावायलाच हवी.

बागेचे फोटो कॅमेऱ्यातून निघाले तसेच, मूळ आकारात चढवावेत. एक दशांश सेकंदात मिळालेला प्रतिसाद माणसाला तत्क्षणी मिळाल्यासारखा वाटतो, एका सेकंदापर्यंत त्याच्या विचारांचा धागा तुटत नाही आणि दहा सेकंदांनंतर त्याचे लक्ष दुसरीकडे जाते, असा हिशेब वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी १९९३ साली मांडला होता. आपले लक्ष्य अर्थातच दहाच्या पुढचे. या वाटेवर आपण एकटे नाही. लंडनच्या बू डॉट कॉम या कंपनीने नोव्हेंबर १९९९ मध्ये, म्हणजे बहुतेक घरांत टेलिफोनच्या तारेवर चालणारे मोडेम होते त्या काळात, जड चित्रांचे आणि ‘मिस बू’ नावाच्या सचित्र विक्रेतीचे कपड्यांचे दुकान वेबवर उघडले आणि सुमारे साडेतेरा कोटी डॉलर संपवून मे २००० मध्ये बंद केले. बुडण्याची कारणे इतरही होती, उधळपट्टी हे त्यांतले ठळक. पण पान उघडेपर्यंत ग्राहकाची खरेदीची इच्छा विरून जाई, हा वाटा काही लहान नव्हता. आपल्याजवळ तेवढे भांडवल नाही हे खरे, मात्र आंब्याचा हंगामही तेवढा लांब नसतो.

पान एकदाचे उघडले की ग्राहकाला लगेच आंबे दाखवू नयेत. आधी कुकीजची, म्हणजे त्याची ओळख त्याच्याच फोनवर टिपून ठेवणाऱ्या छोट्या फायलींची, संमती मागावी, मग सूचना पाठवू का ते विचारावे, मग तो कुठे आहे ते विचारावे, आणि या तिन्ही खिडक्या बंद करून तो मोकळा होतो न होतो तोच ‘आमच्या वार्तापत्राचे सदस्य व्हा’ अशी चौथी समोर यावी. ही खिडकी मिटवण्याची फुली कशी असावी, याला शास्त्राधार आहे. लक्ष्य जितके लहान आणि जितके दूर, तितका तिथे पोहोचायला वेळ अधिक, हे पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये दाखवून दिले. तेव्हा फुली तिळाएवढी करावी, अंगठा सहजी पोहोचणार नाही अशा वरच्या कोपऱ्यात बसवावी आणि तिला लागून जाहिरात ठेवावी. पान भरत असताना मजकूर खाली सरकत राहील असेही पाहावे, म्हणजे ‘एक पेटी’वर नेम धरलेले बोट ‘दहा पेट्यां’वर पडते.

एवढे सोसूनही जो पेटी कार्टमध्ये टाकतो, तो ग्राहक चिवट असतो. त्याच्यासाठी सक्तीच्या नोंदणीला तोड नाही. लक्ष्मी रोडवरच्या दुकानात पसंत केलेली साडी घडी घालून गल्ल्यावर आली असताना मालकाने ‘पैसे राहू द्या, आधी आमचे सभासद व्हा, आठ अक्षरांचा परवलीचा शब्द ठरवा, आणि मागच्या दिवाळीचा आठवत नसेल तर बाहेर थांबा’ असे सांगितले, तर गिऱ्हाईक त्याला चार शब्द ऐकवून जाईल. वेबसाइटवर ते ऐकवत नाही, नुसते जाते. ऑनलाइन व्यवसायाची हीच तर थोरवी. या संदर्भात जॅरेड स्पूल या वापरसुलभतेच्या अमेरिकी तज्ज्ञाने लिहून ठेवलेली एका मोठ्या ऑनलाइन दुकानाची हकीकत सावधगिरीसाठी वाचावी. तिथे पैसे भरण्याआधी ‘रजिस्टर’ हे बटन आडवे येत असे. नवे ग्राहक त्याला पाहून कुरकुरत, तर जुन्यांना आपण कोणत्या ईमेलने नोंदणी केली होती हेच आठवत नसे, त्यामुळे कित्येकांची एकाहून अधिक खाती झाली होती. दुकानाने त्या जागी ‘पुढे चला’ असे बटन ठेवले आणि खरेदीसाठी खाते उघडण्याची गरज नाही, एवढे लिहिले. स्पूल यांच्या सांगण्याप्रमाणे खरेदी करणारे ४५ टक्क्यांनी वाढले आणि पहिल्याच वर्षी ३० कोटी डॉलरची भर पडली. एक बटन काढल्याने एवढा उपद्रव होऊ शकतो, हे ध्यानात ठेवून आपले ‘रजिस्टर’ बटन जिवापाड जपावे. पासवर्डात मोठे अक्षर, लहान अक्षर, आकडा आणि चिन्ह सक्तीचे करावे, पण कोणती चिन्हे चालतात ते सांगू नये. असल्या अटी घालू नका, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१७ मध्येच सांगितले आहे; त्यांना अर्थातच आंब्याच्या सुरक्षिततेची कल्पना नव्हती.

मग येतो पत्त्याचा अर्ज. इथे प्रतिभेला खरा वाव असल्यामुळे घाई करू नये. वेबसाइट मराठीत असल्याचे वर अभिमानाने लिहावे, आणि ग्राहक बाईंनी आपले नाव देवनागरीत लिहिले की ‘कृपया केवळ अक्षरे वापरा’ असा लाल मजकूर झळकावा. त्यांनी वापरली ती अक्षरेच होती. परंतु तपासणीचा नियम लिहिताना डेव्हलपरने रोमन ए ते झेड एवढ्यांनाच अक्षराचा दर्जा दिला, आणि अभिजात दर्जा मिळालेल्या भाषेने आणखी दर्जे मागू नयेत. देशांची यादी अफगाणिस्तानपासून सुरू करावी. आपण महाराष्ट्र आणि गोव्याबाहेर पेट्या पाठवत नाही ही गोष्ट गौण आहे. भारत शोधत यादी ओढताना ग्राहकाची जगाच्या भूगोलाची उजळणी होते. त्यानंतर २८ राज्ये आणि ८ केंद्रशासित प्रदेश, त्यानंतर जिल्हे. पिन कोड सर्वांत शेवटी विचारावा. १९७२ च्या स्वातंत्र्यदिनापासून वापरात असलेल्या त्या सहा आकड्यांवरून राज्य आणि जिल्हा आपोआप भरता येतो, म्हणूनच तो आधी विचारला तर वरच्या याद्यांचे प्रयोजनच संपेल. आणि सगळे भरून झाल्यावर, पिन कोडाच्या शेवटच्या आकड्यानंतर, ‘या भागात आम्ही माल पोहोचवत नाही’ असे नम्रपणे कळवावे.

आंब्यासाठी जन्मतारीख कशाला, असे कोणी विचारील. विचारू द्यावे. तारीख हाताने लिहिता येऊ नये. त्यासाठी चालू महिन्याचे कॅलेंडर उघडावे आणि मागे जाण्यासाठी एकेक महिन्याचा बाण द्यावा. सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थांना तो किमान ८४० वेळा दाबावा लागतो, आणि साधारणपणे आणीबाणीच्या आसपास पोहोचेपर्यंत सेशन, म्हणजे वेबसाइटने दिलेली मुदत, संपते. ओटीपी पाहण्यासाठी ते मेसेजमध्ये डोकावून परत येतील तेव्हा पान नव्याने भरलेले आणि सर्व रकाने कोरे असावेत. काही चुकलेच तर ‘काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा’ एवढेच म्हणावे. काय चुकले ते सांगितले तर ग्राहक ते दुरुस्त करील, हा धोका ओळखावा.

पैसे भरण्याच्या पानासाठी मात्र सरकारनेच मार्गदर्शन केले आहे. ग्राहकाला फसवून त्याच्याकडून हवे ते करवून घेणाऱ्या रचनांना हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरने २०१० मध्ये ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिले, आणि आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा प्रकारांना मनाई करणारी नियमावली काढली. कित्येकांना ती जाचक वाटते. पण मनाई हा शब्द गाळून वाचल्यास तो आपल्या व्यवसायाला शोभेल असा तेरा कलमी कार्यक्रमच आहे. खोटी घाई करावी, असे त्यात जणू सुचवलेलेच आहे. म्हणून ‘ही किंमत फक्त १० मिनिटे’ असे उलटे घड्याळ लावावे आणि पान पुन्हा उघडले की ते पुन्हा दहापासून सुरू व्हावे. हापूसचा हंगाम खरोखरच थोडा असतो आणि चांगल्या पेट्या खरोखरच संपतात, त्यामुळे घाई करण्यासाठी खोटे बोलण्याची गरज नाही, हे मान्य. पण नुसते खरे सांगितल्यावर उलट्या घड्याळाचे काय करायचे? न मागितलेला आमरसाचा डबा कार्टमध्ये आपणच टाकावा. विमा नाकारणाऱ्या प्रवाशाकडून ‘मी असुरक्षित राहीन’ अशा अर्थाचे बटन दाबून घेणे, हे लाजवण्याचे उदाहरण नियमावलीतच आहे. त्याच धर्तीवर डबा काढताना ‘नको, माझ्या नातवंडांना आमरस आवडत नाही’ असे बटन ठेवावे. पेटीच्या भावात पॅकिंग, हाताळणी, डिलिव्हरी आणि ‘सुविधा शुल्क’ हे सगळे अगदी अखेरच्या पानावर मिळवावे. भरलेल्या कार्टपैकी सुमारे ७० टक्के तशाच सोडल्या जातात, असे अनेक पाहण्यांची सरासरी काढून डेन्मार्कची बेमार्ड ही संशोधन संस्था सांगते, आणि ऐनवेळी वाढलेला खर्च हे त्यामागचे सर्वांत जास्त सांगितले जाणारे कारण आहे. स्पर्धा किती तीव्र आहे, हे यावरून कळावे.

एक वर्ग असा आहे की त्याला परत पाठवायला वेगळे कष्टच लागत नाहीत. दृष्टिहीन ग्राहक पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असतो. आपण बटनांना नावे आणि चित्रांना वर्णन दिले नाही की त्याला नुसते ‘बटन, बटन, चित्र, बटन’ असे ऐकू येते, आणि तो बाहेरच राहतो. केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करून दाखवण्याची अट अ‍ॅसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या व्यक्तींनी पुरी कशी करायची, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा अधिकार हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या अधिकाराचाच भाग असल्याचे सांगितले. अशा निकालांनी विचलित होऊ नये. तिथे विषय केवायसीचा होता, आणि आंबा खाण्याचा अधिकार घटनेत कुठे नावानिशी लिहिलेला नाही.

सर्वांत मोठा धोका शेवटी सांगतो. पाच माणसांना समोर बसवून वेबसाइट वापरायला दिली, तर तिच्यातले सुमारे ८५ टक्के दोष उघडे पडतात, असे नील्सन यांनीच २००० साली लिहिले. म्हणजे हे अनर्थकारी काम एका दुपारी, चहापोह्यांच्या खर्चात होऊ शकते. विशेषतः आपल्या आत्याच्या हाती फोन देऊन ‘आत्या, एक पेटी मागव बरं’ असे म्हणून शेजारी गप्प बसण्याचा मोह टाळावा. ती चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांजवळ नेईल, फुलीवर तीनदा बोट लावेल, तिन्ही वेळा जाहिरातच उघडेल, आणि मग ‘माझ्याच्याने नाही व्हायचं रे हे, मला मेलीला काही कळत नाही’ असे म्हणून दोष स्वतःच्या अंगावर घेईल. आपल्याला मात्र दोष कुणाचा ते कळून चुकेल, आणि कळले की दुरुस्तीचा खर्च आला. त्यापेक्षा चाचणी आपण स्वतःच, ऑफिसच्या मोठ्या लॅपटॉपवर, लॉगिन आधीच साठवलेले असताना करावी. सगळे झटपट चालते.

फोन नंबर कुठेही ठळक देऊ नये, कारण तो सापडला की लोक व्हॉट्सअ‍ॅपवर ‘दोन पेट्या, कोथरूड, शनिवारी’ एवढे लिहून मोकळे होतात आणि वेबसाइटवर केलेला खर्च वाया जातो. महिन्याअखेरीस आकडे पाहावेत. भेट देणारे हजारो आणि ऑर्डरी बोटांवर मोजण्याइतक्या दिसल्या, तर मराठी माणसाला ऑनलाइन खरेदीची सवय नाही असा निष्कर्ष काढावा. निघून गेलेल्यांपैकी कोणीही तो खोडून काढायला परत येत नाही. मग त्याच डेव्हलपरकडून वेबसाइटला नवा रंग देऊन घ्यावा. तोवर मे सरत येतो, आभाळ भरून येऊ लागते, आणि झाडावरचा माल थांबत नाही. तेव्हा उरलेला आंबा सरळ कॅनिंगला, म्हणजे रस डबाबंद करणाऱ्या कारखान्याला, घालावा. तिथे भाव किलोवर आणि ते देतील तोच मिळतो, पण वजनकाट्याला पासवर्ड नसतो, आणि पावती फाडताना कोणी जन्मतारीख विचारत नाही.