जामठा, लाहली आणि टेरा होट

दादरचा माझा मावसभाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. लहानपणापासून आमचं क्रिकेटवरून वाजतं, कारण तो मुंबईचा आणि मी नागपूरचा. परवा भावंडांच्या ग्रुपवर रणजीचा विषय निघाला आणि त्यानं नागपूरजवळच्या जामठ्याच्या, म्हणजे विदर्भाच्या घरच्या मैदानावरून तेच पालुपद पुन्हा लावलं: "जामठ्याच्या पिचवर काय, कोणीही जिंकेल. बाद फेरी तटस्थ मैदानावर खेळवा, मग बघू विदर्भ. तू अमेरिकेत राहतोस ना? तिथं असले लाड चालत नाहीत. कॉलेजच्या बेसबॉलची फायनलसुद्धा ओमाहाला होते. सिस्टिम असते तिथं." खाली तीन जणांचे अंगठे.

मी रात्री उत्तर लिहायला बसलो. ते इतकं लांबलं की ग्रुपवर टाकण्यासारखं राहिलं नाही.

ओमाहाचं त्याचं बरोबर आहे. 1950 पासून कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे या स्पर्धेचा शेवटचा टप्पा, तिथंच होते. पण ओमाहाला पोचतात फक्त आठ संघ, आणि सुरुवात चौसष्टांपासून होते. मे अखेरच्या मेमोरियल डेला यादी लागते. चार-चार संघांचे सोळा गट पडतात आणि प्रत्येक गटाचे सामने त्यातल्या एका संघाच्या मैदानावर होतात. बहुतेक वेळा हा मान पहिल्या सोळा मानांकनांना मिळतो. पुढची फेरी सुपर रीजनल, दोन-दोन संघांची, तीनपैकी दोन सामने जिंकायची, तीही कोणाच्या तरी घरीच. म्हणजे चौसष्टांचे आठ होईपर्यंत तटस्थ मैदान हा प्रकारच नसतो. जो जास्त चांगला खेळला, त्यानं घरी खेळावं, त्याच्या गावानं तिकिटं काढावीत, हे इथं कोणाला गैर वाटत नाही. ते कमावलेलं असतं.

विदर्भानंही ते कमावलेलंच होतं. 2024-25 ला साखळीत जे गुण मिळवले त्यांच्या जोरावर उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम, तिन्ही सामने नागपूरला आले. उपांत्य सामन्यात मुंबईला 80 धावांनी हरवलं. अंतिम सामना केरळशी अनिर्णित राहिला, पण पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीनं करंडक राहिला नागपुरात. हर्ष दुबेनं त्या मोसमात 69 बळी घेतले. रणजीच्या एका मोसमात इतके बळी तोपर्यंत कोणीच घेतले नव्हते. तेवढे काही एकट्या जामठ्यावर पडत नाहीत.

आणि तटस्थ मैदानाचंच म्हणशील तर दादा, 2017-18 आठव. तेव्हा बाद फेरी तटस्थच होती. कोलकात्यात उपांत्य सामन्यात कर्नाटकाला पाच धावांनी हरवलं. आमच्या रजनीश गुरबानीनं त्या सामन्यात बारा बळी घेतले. मग इंदूरला दिल्लीविरुद्ध अंतिम सामन्यात त्याची हॅटट्रिक. तेव्हा जामठा कुठं होतं? पण विदर्भानं कुठंही जिंकलं तरी कारण दुसरंच कुठलं तरी असतं. हे आम्ही सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर शाळा बुडवून सामने बघायचो तेव्हापासून ऐकत आलोय.

आता त्याच्या 'सिस्टिम'बद्दल. इथं यादी आणि मानांकनं ठरवताना आरपीआय नावाचा आकडा बघतात. त्यात तुमच्या स्वतःच्या जय-पराजयाला फक्त 25 टक्के वजन. तुमचे प्रतिस्पर्धी किती जिंकले याला 50 टक्के, आणि त्यांचे प्रतिस्पर्धी किती जिंकले याला उरलेले 25. म्हणजे तुमचे शेजारी कोण, यावर निम्म्याहून जास्त भवितव्य. साउथईस्टर्न कॉन्फरन्स या दक्षिणेतल्या लीगमधले संघ एकमेकांशी हरले तरी एकमेकांचे आकडे वर ठेवतात. 2025 ला त्यांच्या सोळापैकी तेरा शाळा (इथं विद्यापीठालाही शाळाच म्हणतात) चौसष्टांत होत्या आणि सोळा यजमानांपैकी निम्मे, म्हणजे आठ, त्यांचेच. वर फेब्रुवारीच्या मध्याला मोसम सुरू होतो. मी राहतो त्या इंडियानात तेव्हा मैदान गोठलेलं असतं. आमच्याकडची पोरं महिनाभर बसमधून दक्षिणेकडे जाऊन दुसऱ्यांच्या घरी खेळतात. 2013 ला त्यासाठी सूत्र थोडं बदललं. बाहेर जिंकलं तर तो एक विजय 1.3 धरायचा, घरी जिंकलं तर 0.7. बदल चांगला होता, पण त्यानं काही फेब्रुवारीत इंडियानाला ऊन पडलं नाही.

बरं, यजमान म्हणजे विजेता असंही नाही. त्याच 2025 ला पहिलं मानांकन असलेली व्हँडरबिल्ट आपल्याच घरी, आपल्याच गटात बाद झाली. दुसऱ्या मानांकनाच्या टेक्सासचं ऑस्टिनला तेच झालं. मिसिसिपीतल्या ऑक्सफर्डला यजमान ओल मिसला, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाला, मागे टाकून मरी स्टेटसारखी छोटी शाळा गटातल्या चौथ्या मानांकनावरून निघाली ती थेट ओमाहाला पोचली. ही तीच ओल मिस, जी 2022 ला यादीत अगदी शेवटी कशीबशी घुसली होती, एकही फेरी घरी न खेळता ओमाहाला गेली आणि अजिंक्यपद घेऊन आली. खेळपट्टी खेळत नाही, माणसं खेळतात, हे मुंबईकरांना मी सांगायला नको.

इथपर्यंत लिहिलं तेव्हा वाद मी जिंकलोय असं वाटत होतं. मग 2023 चा जून आठवला.

मी राहतो ते टेरा होट म्हणजे वाबाशच्या काठचं, हायवेवरून जाताना लोक पेट्रोल भरायला थांबतात तसलं गाव. त्या वर्षी आमच्या इंडियाना स्टेटला चौदावं मानांकन मिळालं आणि गट आमच्याकडे आला. आयोवा, नॉर्थ कॅरोलायना, राइट स्टेट आमचे पाहुणे. नॉर्थ कॅरोलायनासारखी शाळा आमच्या गावात खेळायला येते, याचंच लोकांना अप्रूप होतं. मी निळी टोपी घालून तिन्ही दिवस गेलो. शेजारचे म्हातारे गृहस्थ बरोबर होते. ते चाळीस वर्षं या मैदानावर येतायत आणि अजून पेन्सिलीनं वहीत स्कोअर लिहितात. प्रत्येक बळीचा आकडा वर्तुळात. शेवटच्या बळीला त्यांनी वर्तुळ काढलं, पेन्सिल खिशाला लावली आणि मग उभे राहिले. एकही सामना न हरता आमची पोरं सुपर रीजनलला गेली. समोर टेक्सासमधली टीसीयू, म्हणजे मानांकन नसलेला संघ. त्यामुळे ती फेरीही टेरा होटलाच व्हायला हवी होती.

झाली नाही. त्याच आठवड्याअखेर इंडियानाच्या स्पेशल ऑलिम्पिक्सचे, म्हणजे बौद्धिक अपंगत्व असलेल्या खेळाडूंचे, उन्हाळी खेळ आमच्या कॅम्पसवर ठरलेले होते. वसतिगृहं त्यांना दिलेली, हॉटेलं भरलेली, माणसं त्या कामाला लावलेली. विद्यापीठानं यजमानपद सोडलं. टीम टीसीयूच्या घरी, फोर्ट वर्थला गेली आणि दोन्ही सामने हरून परत आली.

मी त्या शनिवारी स्पेशल ऑलिम्पिक्सला स्वयंसेवक होतो. धावण्याच्या शर्यतीच्या शेवटच्या रेषेवर उभं राहून येणाऱ्याला हातांनी धरायचं, एवढंच काम. एक चाळिशीचा माणूस पन्नास मीटर धावून आला आणि मला इतका घट्ट बिलगला की माझा चष्मा खाली पडला. त्याला पदक कुठल्या रंगाचं मिळालं हे त्यालाही बघायचं नव्हतं. त्याला फक्त तिथं पोचायचं होतं. विद्यापीठानं दिलेला शब्द पाळला हे योग्यच झालं, याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. पण मोठ्या शाळांपुढे असा प्रश्न कधी उभाच राहत नाही, कारण त्यांच्या गावात दोन्हीला पुरतील इतकी हॉटेलं असतात. यजमानपद मैदानावर कमवता येतं, पण टिकवायला खोल्या लागतात, दिवे लागतात, बोलीत भरायला पैसे लागतात. ते आमच्याकडे नव्हते. पुढच्या वर्षी चांगला मोसम होऊनही आमचा संघ केंटकीच्या घरी लेक्सिंग्टनला पाठवला गेला. त्या वेळी मी इथल्या लोकांइतकाच चिडलो होतो.

आणि इथं मला थांबावं लागलं. विदर्भ घरी खेळला त्याच 2025 च्या फेब्रुवारीत हरियाणाचा उपांत्यपूर्व सामना मुंबईशी होता. हरियाणानं तो घरी, रोहतकजवळच्या लाहलीला खेळायचा हक्क मिळवला होता. थंडी-धुक्याचं कारण देऊन तो ईडन गार्डन्सला नेला आणि मुंबई 152 धावांनी जिंकली. टेरा होटला जे झालं त्याच्याशी याचं किती साम्य आहे, हे मला तेव्हा दिसायला हवं होतं. मी ती बातमी वाचली आणि पुढं सरकलो. मनात एवढंच आलं, चला, आता मुंबई नागपूरला येणार. लाहलीसाठी मी एक ओळ लिहिली नाही. विदर्भाकडे आज स्वतःचं मोठं स्टेडियम आहे, विमानतळ जवळ आहे. न्यायाबद्दल मी इतकं बोलतो, पण जामठ्याचा हक्क शाबूत राहिला आणि लाहलीचा गेला तेव्हा मी गप्प बसलो, हे मला मान्य करावंच लागेल. दादाला हे आजवर बोललो नव्हतो. आता इथं लिहितोय.

मला यातलं नेमकं काय खुपतं तेही सांगतो. नागपूर सोडून एकोणीस वर्षं झाली. घरी गेलो की काकू पहिल्या दिवशी विचारते, "परत कधी जाणार?" मायेनंच विचारते, तिला भाज्या आणायच्या असतात. पण मी तिथं पाहुणाच झालोय. तर्रीपोहे खायला गेलं तर पुतण्या सांगतो, "काका, तिखट कमी सांगू का?" इथं निळी टोपी घालून बसलो तरी पुढच्या रांगेतलं कोणीतरी मला बेसबॉलचे नियम समजावायला लागतं. म्हणून असेल, पण 'घरचं मैदान' हा शब्द आला की मी वाजवीपेक्षा जास्त भांडतो.

अंतिम सामन्याचा पाचवा दिवस इथं शनिवारी रात्री अकराला सुरू झाला. पहाटे सामना संपला तेव्हा घरात सगळे झोपलेले. मी स्वयंपाकघरात उभा राहून चहा केला आणि उजाडायची वाट बघितली. सकाळी शेजारचे म्हातारे गॅरेजमध्ये काहीतरी आवरत होते. त्यांना रणजी ठाऊक नाही, विदर्भ ठाऊक नाही. मी म्हटलं, माझ्या गावाचा संघ देशात पहिला आला. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि एकच विचारलं, "सामना तुमच्या घरी झाला का?"

"हो, घरीच झाला."

"मग बरं झालं," ते म्हणाले, आणि माझा हात बराच वेळ धरून ठेवला.