कडक चाकूला घरी धार लागत नाही म्हणे!

ट्रेकच्या ग्रुपवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. सार असं: कडक पोलादाच्या घडीच्या चाकूला नवशिक्याने घरी धार लावू नये. साधा दगड त्याला लागत नाही, कोन अंशाअंशाने अचूक लागतो, वरचा कडक थर गेला की चाकू संपला. तेव्हा मशीनवाल्याकडे द्या. लिहिणाऱ्याने दगड हातात धरला नसावा, एवढंच म्हणतो.

आधी दगड. चांगल्या घडीच्या चाकूचं पातं कडकपणाच्या रॉकवेल सी मापावर 58 ते 62 भरतं. भोसरीच्या कारखान्यांत लेथवर चालणारं एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं) टूल 63-65 भरतं आणि टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा कामगार, ते हाताने ग्राइंडरवर धरून घासतो. पुण्याच्या बोहरी आळीत मिळणारा काळा दुहेरी दगड सिलिकॉन कार्बाइडचा. विकर्स या कडकपणाच्या दुसऱ्या मापात चाकूचं पोलाद 700 च्या आसपास, हा दगड 2500 च्या. म्हणजे दगड लागतो, फक्त वेळ लागतो. अपवाद भरपूर व्हॅनेडियमच्या पोलादांचा, उदाहरणार्थ 9 टक्के व्हॅनेडियमचं एस90व्ही. तिथे हिऱ्याची पूड बसवलेली पट्टी घ्यावी. पण असं पातं नवशिक्याच्या खिशात क्वचितच असतं.

मग नवशिक्याचा चाकू बोथट का राहतो? कारण तो लवकर थांबतो. एका बाजूने घासत राहिलं की धारेवरचं पोलाद पलीकडे वळतं आणि केसासारखी कड उठते. टर्नर तिला बर म्हणतात. पात्याच्या पाठीकडून धारेकडे अंगठा हलकेच सरकवला की ती खरखरते. मुठीपासून टोकापर्यंत बर आल्याशिवाय बाजू बदलायची नाही. मऊ पात्याला ती दहा-वीस हातांत, म्हणजे तितक्या वेळा घासून, येईल, कडक पात्याला शंभर लागतील. माणूस तिसाव्या हाताला कंटाळतो आणि दोष पोलादाला देतो. गंमत म्हणजे पुढचं काम कडक पात्यावरच सोपं. मऊ स्टेनलेसची बर नुसती इकडून तिकडे लोळते, तुटत नाही. कडक पोलादाची बारीक असते आणि हलक्या हाताने दोन्ही बाजू आलटून पालटून फिरवल्या, मग जुन्या चामडी पट्ट्यावर ओढलं, की निघून जाते. शिकायला स्वयंपाकघरातली सुरी घ्या म्हणतात, मला ते उलटं वाटतं.

कोनाचं म्हणाल तर आकडा महत्त्वाचा नाही, तोच कोन टिकवणं महत्त्वाचं. पातं 25 मिलिमीटर रुंद असेल तर 20 अंशांसाठी पाठ दगडापासून साडेआठ मिलिमीटर वर हवी. दोन अंश इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही. धारेच्या उतारावर मार्करची शाई फासा आणि दोन हात ओढा. शाई नुसती वरच्या बाजूने गेली तर पाठ उचला, नुसती कडेची गेली तर खाली घ्या. दगडही नको असेल तर काचेच्या तुकड्यावर वॉटर पेपर (पाण्यात चालणारा घासकागद), आधी 400 नंबरचा, मग 1000 चा. त्यावर पातं मागेच ओढायचं, पुढे ढकललं की कागद फाटतो.

‘वरचा कडक थर’ ही शुद्ध थाप. पाणी दिलेलं, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक केलेलं, पातं आरपार कडक असतं. काळा मुलामा असतो काहींवर, तो धारेवर पहिल्या दिवसापासूनच नसतो.

राहिला मशीनवाला. सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याबद्दल माझी तक्रार नाही. विळी-कात्रीला तो उत्तम. पण विजेच्या कोरड्या ग्राइंडरवर पातळ धार क्षणात तापते. अशी बरीचशी पाती 200 अंशांच्या आसपास टेंपर केलेली (कडक केल्यावर पुन्हा बेताने तापवलेली) असतात, तापमान त्यावर गेलं की पाणी उतरतं, म्हणजे पातं मऊ पडतं. टर्नरचं एचएसएस लालबुंद व्हायच्या बेतात आलं तरी कडक राहतं, म्हणून त्याला ग्राइंडर चालतो. माझा हाय कार्बनचा चाकू एका दुकानातून परत आला तो टोकाला निळा होऊन. साध्या कार्बन पोलादावर हा रंग 300 अंशांच्या सुमाराला चढतो. तेवढं मऊ झालेलं टोक काळ्या दगडावर पाणी टाकत घासून काढायला चार संध्याकाळी गेल्या. चाकू आता दोन मिलिमीटर आखूड आहे, आणि पेपर पुन्हा सरळ कापतो.